विंडोज टाकताना हार्ड डिस्क दिसत नाही? नवी डिस्क विकत घेण्याआधी हे तपासा

लॅपटॉपला फॉरमॅट मारायला घेतला, पेनड्राइव्ह लावला, भाषा निवडली, अटी मान्य केल्या. आता फक्त डिस्क निवडायची आणि ‘नेक्स्ट’ दाबायचं. पण यादी रिकामी! खाली एकच ओळ: ‘वुई कुडन्ट फाइंड एनी ड्राइव्ह्ज’. म्हणजे, आम्हाला एकही ड्राइव्ह सापडला नाही.

हे वाचून पहिला विचार येतो तो ‘डिस्क गेली’. दुसरा विचार नव्या एसएसडीच्या खर्चाचा आणि तिसरा, सगळ्यात वाईट, आत अडकलेल्या फोटोंचा आणि कागदपत्रांचा. थांबा. गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपवर हा संदेश आला तर बऱ्याचदा डिस्क धडधाकट असते. विंडोजच्या पेनड्राइव्हला ती ओळखता येत नसते, एवढंच.

हा प्रश्न सध्या जास्त लोकांना पडतो आहे, कारण १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देण्याची नेहमीची मुदत संपवली. त्यामुळे अनेक जण विंडोज ११ टाकायला बसले आहेत. कारंजा लाडसारख्या तालुक्याच्या गावात कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचं तर अकोला किंवा अमरावतीची फेरी पडू शकते. म्हणून दोष नेमका कुठे आहे हे घरीच दहा मिनिटांत कसं ओळखायचं आणि काय करायचं नाही, ते या लेखात पाहूया.

थोडक्यात सांगायचं तर

• आधी बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का ते बघा. पुढचं सगळं यावर ठरतं.
• बायोसमध्ये दिसते पण विंडोजच्या सेटअपमध्ये दिसत नाही: बहुतेक वेळा ड्रायव्हरचा प्रश्न. खर्च शून्य.
• बायोसमध्येही दिसत नाही: जोडणी सैल, स्लॉट चुकीचा किंवा डिस्क खरोखर खराब.
• डेटा हवा असेल तर ‘डिलीट’, ‘फॉरमॅट’ आणि ‘क्लीन’ या तीन शब्दांपासून लांब राहा.

‘दिसत नाही’ म्हणजे नेमकं कोणाला दिसत नाही?

संगणक सुरू होताना डिस्क दोनदा ओळखली जाते. पहिल्यांदा मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम ती ओळखतो. त्याला आपण सवयीने बायोस म्हणतो, नव्या मशीनमध्ये त्याचं नाव यूईएफआय असतं. दुसऱ्यांदा विंडोजचा सेटअप ती ओळखतो, आणि त्यासाठी त्याला डिस्कच्या कंट्रोलरशी बोलणारा ड्रायव्हर लागतो.

घराच्या दाराशी पाहुणा उभा आहे, पण आतल्या माणसाला त्याची भाषा येत नाही, अशी कल्पना करा. पाहुणा आलेला आहे, पण निरोप पोचत नाही. बायोसला डिस्क दिसते आणि सेटअपला दिसत नाही, तेव्हा असंच झालेलं असतं. पाहुणा बदलून उपयोग नाही, दुभाषा हवा. तो दुभाषा म्हणजे ड्रायव्हर.

पण बायोसलाही डिस्क दिसत नसेल, तर दाराशी कोणी नाहीच. तिथे कितीही ड्रायव्हर टाकले तरी काही होणार नाही.

म्हणून सगळ्यात आधी बायोस.

बायोस कसं उघडायचं?

लॅपटॉप पूर्ण बंद करा. पुन्हा चालू करताच खाली दिलेलं बटण टक-टक दाबत राहा.

• डेल: एफ२
• एचपी: एस्केप, मग एफ१०
• लेनोवो आयडियापॅड: एफ२, किंवा बाजूचं बारीक नोव्हो बटण
• लेनोवो थिंकपॅड: एफ१
• आसुस आणि एसर: एफ२
• असेंबल केलेला डेस्कटॉप: बहुतेक वेळा डिलीट किंवा एफ२

बटण पकडता येत नसेल आणि जुनं विंडोज अजून सुरू होत असेल, तर शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा. निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि तिथे ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ निवडा. मशीन सरळ बायोसमध्ये जाईल.

आत गेल्यावर ‘मेन’, ‘इन्फर्मेशन’, ‘स्टोरेज’ किंवा ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ अशा नावाचं पान शोधा. तिथे डिस्कचा मॉडेल क्रमांक किंवा आकार लिहिलेला असतो. दिसला? मोबाइलने फोटो काढून ठेवा. सध्या काहीही बदलू नका.

बायोसमध्ये दिसते, सेटअपमध्ये नाही: व्हीएमडीची भानगड

तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा ११व्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा प्रोसेसर असेल, तर पहिला संशय व्हीएमडीवर घ्या. याचं पूर्ण नाव व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. एनव्हीएमई एसएसडी आणि प्रोसेसर यांच्यामध्ये बसणारी ही एक व्यवस्था आहे. आधी ती मोठ्या सर्व्हरसाठी होती, कारण तिथे अनेक डिस्क एकत्र सांभाळायच्या असतात. २०२० मध्ये आलेल्या ११व्या पिढीपासून इंटेलने ती लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्येही आणली आणि अनेक कंपन्या ती कारखान्यातूनच चालू करून देतात.

व्हीएमडी चालू असली की एसएसडी तिच्या मागे झाकली जाते. तिच्यापर्यंत पोचायला इंटेलचा रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी, म्हणजे आरएसटी, नावाचा ड्रायव्हर लागतो. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजमध्ये कंपनीने तो आधीच घातलेला असतो, त्यामुळे रोजच्या वापरात काहीच जाणवत नाही. पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आपण बनवलेल्या साध्या पेनड्राइव्हमध्ये तो बऱ्याचदा नसतो. मग तोच लॅपटॉप, तीच डिस्क आणि यादी मात्र रिकामी.

प्रोसेसरची पिढी कशी ओळखायची? आय५-११३५जी७ मधला ‘११’ किंवा आय५-१२३५यू मधला ‘१२’ म्हणजे पिढी. लॅपटॉपच्या स्टिकरवर किंवा बायोसच्या पहिल्या पानावर हे नाव सापडतं.

यावर दोन मार्ग आहेत: ड्रायव्हर देणे किंवा व्हीएमडी बंद करणे.

मार्ग पहिला: ड्रायव्हर लोड करा

हा जास्त सुरक्षित मार्ग आहे, कारण यात बायोसला हात लागत नाही आणि डिस्कवरचा डेटाही जागच्या जागी राहतो. यासाठी दुसरा चालू संगणक लागेल. मित्राचा चालेल, सायबर कॅफेतलाही चालेल.

१. लॅपटॉपच्या खालच्या बाजूला असलेला मॉडेल किंवा सिरियल क्रमांक लिहून घ्या.

२. दुसऱ्या संगणकावर त्या कंपनीच्याच सपोर्ट पानावर जा, मॉडेल टाका आणि ‘स्टोरेज’ विभागातला ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’ ड्रायव्हर उतरवा. कोणत्याही अनोळखी ‘ड्रायव्हर पॅक’ साइटवर जाऊ नका.

३. उतरलेली फाइल बहुतेक वेळा ‘ईएक्सई’ प्रकारची असते. सेटअपला ती चालत नाही, त्याला आतल्या सुट्या फाइली हव्या असतात. लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात. ‘सेव्हन-झिप’सारख्या मोफत प्रोग्रामने फाइल उलगडा. एचपीची फाइल चालवली की ती सी ड्राइव्हमधल्या ‘एसडब्ल्यूसेटअप’ फोल्डरमध्ये स्वतःला उलगडते, मग पुढचं इन्स्टॉलेशन रद्द केलं तरी चालतं.

४. उलगडलेल्या फोल्डरमध्ये ‘आयएनएफ’ प्रकारची फाइल आहे ना, ते बघा. ती असलेलं संपूर्ण फोल्डर विंडोजच्या त्याच पेनड्राइव्हवर कॉपी करा. वेगळा पेनड्राइव्ह लागत नाही.

५. लॅपटॉपवर सेटअप पुन्हा सुरू करा. रिकाम्या यादीच्या पानावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबा, मग ‘ब्राउझ’ करून ते फोल्डर निवडा.

६. यादीत ‘इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर’ असं नाव येईल. शेवटी चार अक्षरांचा एक संकेत असतो: ११व्या पिढीसाठी ९ए०बी, १२व्यासाठी ४६७एफ, १३व्यासाठी ए७७एफ. ‘जुळत नसलेले ड्रायव्हर लपवा’ या अर्थाच्या चौकटीत टिक असू द्या, म्हणजे तुमच्या मशीनला लागू होणारंच नाव समोर राहील.

७. ‘नेक्स्ट’ दाबा. काही क्षणांत डिस्क आणि तिचे विभाग यादीत दिसू लागतात.

‘ड्रायव्हर सापडला नाही’ असा संदेश आला तर दोन गोष्टी तपासा: फोल्डर खरंच उलगडलेलं आहे का, आणि ड्रायव्हर त्याच पिढीचा आहे का. जुन्या आवृत्तीत नव्या प्रोसेसरचा संकेत नसतो.

जाता जाता एक सल्ला: त्याच पेनड्राइव्हवर वायफायचा ड्रायव्हरही टाकून ठेवा. विंडोज ११ चा सेटअप पुढे इंटरनेट मागतो आणि वायफायच ओळखलं गेलं नाही तर तिथे दुसऱ्यांदा अडकायला होतं.

मार्ग दुसरा: व्हीएमडी बंद करा

घरी एकच एसएसडी असलेल्या साध्या लॅपटॉपला व्हीएमडीचा फारसा उपयोग नसतो. ती बंद केली तर एसएसडी थेट दिसू लागते, कारण एनव्हीएमई डिस्कचा साधा ड्रायव्हर विंडोज ८.१ पासून विंडोजमध्येच आहे.

• आसुस: एफ७ ने ‘ॲडव्हान्स्ड मोड’, मग ‘व्हीएमडी सेटअप मेनू’, तिथे ‘एनेबल व्हीएमडी कंट्रोलर’ बंद करा.
• एसर: हा पर्याय लपवलेला असतो. बायोसच्या ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबा, मग ‘व्हीएमडी कंट्रोलर’ची ओळ दिसते.
• डेल: ‘स्टोरेज’ विभागात ‘रेड ऑन’ऐवजी ‘एएचसीआय/एनव्हीएमई’.
• लेनोवो: ‘कॉन्फिगरेशन’ किंवा ‘स्टोरेज’मध्ये व्हीएमडीचा पर्याय शोधा.
• एचपी: अनेक घरगुती मॉडेलमध्ये हा पर्यायच नसतो. तिथे पहिला मार्गच वापरायचा.

बदल केल्यावर एफ१० दाबून सेव्ह करा आणि सेटअप पुन्हा सुरू करा.

आता इशारे, कारण हा मार्ग सोपा वाटला तरी त्यात तीन खड्डे आहेत.

पहिला: जुनं विंडोज तसंच ठेवायचं असेल तर हा बदल करू नका. व्हीएमडी चालू असताना टाकलेलं विंडोज ती बंद केल्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा दाखवू शकतं. घाबरू नका, सेटिंग पुन्हा पहिल्यासारखं केलं की ते साधारणपणे सुरू होतं. बायोसचा फोटो काढायला सांगितला तो याचसाठी.

दुसरा: लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू असेल तर असा बदल केल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती जवळ नसेल तर बायोसला हात लावू नका.

तिसरा: काही लॅपटॉपमध्ये १ टीबीची हार्ड डिस्क आणि सोबत १६ जीबीची इंटेल ऑप्टेन मेमरी असते. ऑप्टेन ही हार्ड डिस्कचा वेग वाढवायला तिच्याशी जोडलेली असते. आधी विंडोजमधून ऑप्टेन बंद न करता मोड बदलला तर डेटाला धोका पोचू शकतो.

एएमडीचा प्रोसेसर असेल तर?

एएमडीच्या लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नसते, त्यामुळे ही अडचण तुलनेने कमी येते. पण बायोसमध्ये ‘रेड’ मोड चालू असेल तर तिथेही यादी रिकामी दिसते. एकच डिस्क आणि नवं इन्स्टॉलेशन असेल तर ‘एएचसीआय’ किंवा ‘एनव्हीएमई’ मोड निवडणं सोपं. रेड ठेवायचंच असेल तर एएमडीचे तीन ड्रायव्हर क्रमाने लोड करावे लागतात: आधी आरसी-बॉटम, मग आरसी-रेड, शेवटी आरसी-कॉन्फिग.

बायोसमध्येही डिस्क दिसत नसेल तर

आता प्रश्न वस्तूचा आहे. पण इथेही ‘डिस्क मेली’ हा शेवटचा निष्कर्ष, पहिला नाही.

लॅपटॉप असेल तर: तो नुकताच खाली पडला होता का, किंवा कोणी उघडला होता का? एम.२ एसएसडी हलली की ती एका टोकाला उचलली जाते. ती काढून, तिरकी धरून पूर्ण आत सरकवून, खाली दाबून स्क्रू लावला की अनेकदा पुन्हा दिसते. लॅपटॉप उघडण्याआधी चार्जर काढा, आत गेल्यावर बॅटरीची पिन सोडवा. वॉरंटी चालू असेल तर मात्र स्वतः उघडू नका.

नवी एसएसडी आत्ताच बसवली असेल तर: ती त्या स्लॉटला चालते का, ते बघा. एम.२ आकाराच्या एसएसडी दोन प्रकारच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला जवळपास सारख्या. साटावाल्या पट्टीला बहुतेक वेळा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला सहसा एक. फक्त साटा चालणाऱ्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई घातली तर ती ओळखली जाणार नाही, उलटही तसंच. ऑनलाइन सेलमध्ये ‘स्वस्त एसएसडी’ घेताना हमखास चुकतं ते इथेच.

डेस्कटॉप असेल तर: बाजूचं झाकण उघडा. हार्ड डिस्कला दोन केबल असतात, एक विजेची आणि एक डेटाची. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा. डेटाची केबल बदलून बघा, मदरबोर्डवर दुसऱ्या पोर्टला लावून बघा. अनेक मदरबोर्डवर एम.२ स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

सीमॉस सेल विसरू नका. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो. बायोसची सेटिंग वीज नसतानाही लक्षात ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की प्रत्येक वेळी लाइट गेल्यावर तारीख मागे जाते आणि सेटिंग मूळ पदावर येतात, त्यात डिस्कचा मोडही आला. विदर्भातल्या उन्हाळ्यात, जिथे लाइट ये-जा करते, तिथे ‘काल चालू होतं, आज डिस्क दिसत नाही’ या तक्रारीमागे कधी कधी एवढासा सेल असतो. डिस्कच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

हार्ड डिस्कमधून टक-टक किंवा खरखर आवाज येत असेल तर: लगेच बंद करा. आतले भाग झिजत असताना ती पुन्हा पुन्हा चालू केली तर वाचू शकणारा डेटाही जातो. डेटा महत्त्वाचा असेल तर ती डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडेच द्या.

डिस्क दिसते, पण विंडोज ‘नको’ म्हणतं

ही वेगळी अडचण आहे. डिस्क यादीत असते, पण निवडली की पिवळी खूण येते: ‘विंडोज या डिस्कवर टाकता येणार नाही, डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे.’

एमबीआर आणि जीपीटी या डिस्कवरची जागा वाटून घेण्याच्या दोन पद्धती. एमबीआर जुनी, साधारण २ टीबीपर्यंतचीच जागा वापरू देणारी. जीपीटी नवी. पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू झाला असेल तर विंडोज जीपीटीच मागतं.

डेटा नको असेल तर सगळे विभाग काढून मोकळ्या जागेवर विंडोज टाका, सेटअप आपोआप जीपीटी करतो. डेटा हवा असेल आणि जुनं विंडोज १० त्यावर असेल, तर विंडोजमध्येच ‘एमबीआर-टू-जीपीटी’ नावाचं साधन आहे. ते डेटा न पुसता पद्धत बदलतं. तरीही आधी बॅकअप घ्याच.

नवी कोरी एसएसडी मात्र ‘अनअलोकेटेड स्पेस’ अशी दिसते. हा दोष नाही. ती ओळ निवडून ‘नेक्स्ट’ दाबायचं.

डीव्हीडीचा ड्रायव्हर मागतोय, पण डीव्हीडीच नाही!

विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली, तरी एखाद्या जुन्या टॅली किंवा प्रिंटरसाठी काही दुकानांत ते अजून टाकलं जातं. त्यात पेनड्राइव्ह लावलेला असताना संदेश येतो की सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही. लोक गोंधळतात, कारण मशीनला डीव्हीडी ड्राइव्हच नसतो.

कारण असं: विंडोज ७ आलं २००९ मध्ये, आणि त्याच्या सेटअपमध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर नाही. बायोस पेनड्राइव्ह वाचून सेटअप सुरू करतं, पण सेटअप चालू झाल्यावर त्याला स्वतःचाच पेनड्राइव्ह दिसेनासा होतो. म्हणजे हरवलेली वस्तू हार्ड डिस्क नसून पेनड्राइव्ह आहे. उपाय: निळ्या पोर्टऐवजी काळ्या, म्हणजे यूएसबी २.० पोर्टला लावा.

विंडोज १० आणि ११ मध्येही ‘मीडिया ड्रायव्हर मिसिंग’ असा भाऊबंद संदेश येतो. तिथे पोर्ट बदला. नाहीच जमलं तर मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने पेनड्राइव्ह नव्याने बनवा, अर्धवट उतरलेल्या फाइलमुळेही हे होतं. खरोखर डीव्हीडीवरून टाकत असाल तर डीव्हीडी कमी वेगाने पुन्हा लिहून बघा, आणि बाहेरून जोडायच्या ड्राइव्हला दोन यूएसबी टोकं असतील तर दोन्ही लावा, एका पोर्टची वीज त्याला कमी पडते.

ही कटकट नवी नाही. विंडोज एक्सपीच्या काळात साटा डिस्क दिसण्यासाठी सेटअप सुरू होताच एफ६ दाबून फ्लॉपीतून ड्रायव्हर द्यावा लागे. जुन्या एमएस-सीआयटी केंद्रांत मशीन सांभाळलेल्यांना हे आठवत असेल. फ्लॉपी गेली, पेनड्राइव्ह आला, दुखणं तेच.

डेटा वाचवायचा असेल तर हे करू नका

या विषयावरच्या रील आणि व्हिडिओंमध्ये एक ‘जालीम उपाय’ हमखास सांगतात: शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळ्या पडद्यावर ‘डिस्कपार्ट’ लिहा, मग ‘क्लीन’. व्हिडिओ तीस सेकंदांचा असतो, त्यात हे सांगायचं राहून जातं की ‘क्लीन’ ही आज्ञा त्या डिस्कवरची सगळी विभागणी पुसते. ती ‘तुम्हाला खात्री आहे का?’ असंही विचारत नाही. आणि डिस्क दिसतच नसेल तर यादीत एकटा पेनड्राइव्ह असतो, म्हणजे पुसला जातो तो पेनड्राइव्ह.

डिस्कपार्टचा एक निर्धोक उपयोग आहे: ‘लिस्ट डिस्क’ लिहून नुसती यादी बघणं. यादीत तुमची डिस्क नसेल आणि बायोसमध्ये असेल, तर ड्रायव्हरचा प्रश्न पक्का. बघून झालं की खिडकी बंद करा.

बिटलॉकरची रिकव्हरी की आधीच शोधून ठेवा. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता, त्या खात्यात लॉगिन केल्यावर ‘डिव्हाइसेस’ विभागात ती सापडते. लॅपटॉप घेताना दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने खातं उघडून दिलं असेल तर की त्या खात्यात असते. अशा वेळी आधी ती मिळवा, मगच पुढे जा. की नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काही वाचता येणार नाही, मग ती कितीही मोठ्या शहरात नेली तरी.

जुनं विंडोज सुरूच होत नसेल आणि फोटो काढून घ्यायचे असतील, तर उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवा आणि ‘ट्राय उबुंटू’ निवडा. यात डिस्कवर काही टाकलं जात नाही. डिस्क एन्क्रिप्ट नसेल तर तिच्यातल्या फाइली उघडून बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेता येतात.

शेवटचं: डिस्क दिसावी म्हणून बायोस अपडेट करायचा सल्ला कोणी दिला तर यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर तो मुळीच पाळू नका. विंडोज टाकताना लाइट गेली तर पुन्हा टाकता येतं. बायोस अपडेट होताना गेली तर मदरबोर्डच बंद पडू शकतो.

दुकानात देताना काय विचाराल?

सगळ्यांनाच हे घरी करायला जमेल असं नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण लॅपटॉप काउंटरवर ठेवताना एवढे चार प्रश्न नक्की विचारा.

• ‘भाऊ, बायोसमध्ये डिस्क दिसते का? मला दाखवता?’
• ‘आरएसटीचा ड्रायव्हर लोड करून बघितला का?’
• ‘डेटा ठेवायचा आहे. काही डिलीट करण्याआधी मला फोन कराल का?’
• ‘डिस्क बदलली तर जुनी डिस्क मला परत द्याल ना?’

चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट गिऱ्हाइकाला काय हवंय हे त्याला नीट कळतं. जुनी डिस्क परत घेणं तर फारच महत्त्वाचं: ती ‘खराब’ असली तरी तुमची आधार, सात-बारा, बँकेची कागदपत्रं आणि घरच्यांचे फोटो तिच्यात असतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

५१२ जीबीची एसएसडी ४७६ जीबी दिसते. फसवणूक झाली का?
नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोजचं माप त्याहून मोठं आहे. म्हणून आकडा लहान दिसतो. १ टीबीची डिस्क याच कारणाने ९३१ जीबी दिसते.

व्हीएमडी बंद केल्याने लॅपटॉप हळू होतो का?
एकच एसएसडी असलेल्या घरगुती लॅपटॉपमध्ये रोजच्या वापरात फरक जाणवू नये. मात्र काही मॉडेलमध्ये झोपेच्या स्थितीतला बॅटरीचा खर्च बदलू शकतो. म्हणून जमत असेल तर ड्रायव्हरचाच मार्ग घ्या.

ड्रायव्हर लोड केल्याने डेटा जातो का?
नाही. ड्रायव्हरमुळे डिस्क फक्त दिसू लागते. डेटा जातो तो पुढच्या पानावर, ‘डिलीट’ किंवा ‘फॉरमॅट’ दाबल्यावर.

माझ्या मशीनला विंडोज ११ चालेल का?
इंटेलचा साधारण ८व्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. नसेल तर वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेट योजनेची पहिली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठरवलेली होती, किंवा उबुंटूसारखी मोफत प्रणाली आहेच.

लक्षात ठेवायचं एवढंच

यादी रिकामी दिसली की खिशाला हात घालू नका, आधी बायोसमध्ये डोकावा. तिथे डिस्कचं नाव असेल तर काम एका ड्रायव्हरचं आहे, नसेल तर केबल, स्लॉट आणि सेल तपासायचे. आणि दोन्ही वेळा, आतला डेटा हवा आहे की नको हे ठरल्याशिवाय ‘डिलीट’ दाबायचं नाही. डिस्क नवी मिळते, त्यातले फोटो मिळत नाहीत.

तुमच्या ओळखीत कोणी सध्या विंडोज टाकायला बसलं असेल तर हा लेख त्यांच्यापर्यंत आजच पोचवा. ‘क्लीन’ दाबायच्या आधी पोचला तर जास्त बरं.